निळा रंग आणि दीड वाव पाणी

आम्ही तिघंही सुखरूप परत आलो आहोत, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. नाहीतर वाचताना तुम्हाला उगाच घोर लागायचा, आणि शेवटी कळायचं की हा गृहस्थ वर्सोव्याहून निघून बोरिवलीला पोचला, त्याचं एवढं काय! खरं आहे. रिक्षाने गेलं तर तासाभराचा रस्ता. आम्ही समुद्रातून गेलो म्हणून साडेसहा तास लागले, आणि त्यातले सव्वादोन तास आम्ही जागचे हललोच नाही. त्या सव्वादोन तासांसाठीच हे लिहायला बसलोय.

मुलुंड, निघण्याआधी

आमची गार्गी अठरा वर्षांची. बारावीनंतर तिने घरात कुणाला न सांगता व्यापारी जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची परीक्षा दिली आणि ती पास झाली. जागा घेणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि फॉर्मवर आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. माझी झाली होती. सही करायला मी वेळ घेत नाही. सोसायटीच्या कुठल्याही कागदावर मी न वाचता करतो. सुनीताची, म्हणजे आमच्या मंडळींची, जागा कोरी होती.

"मला पाण्याची भीती नाही," सुनीता म्हणाली. "तिला पोहता येतं. तिला 'नाही' म्हणता येत नाही, त्याची भीती आहे."

हे मात्र खरं होतं. मागच्या दिवाळीत पार्लरवालीने गार्गीचे केस कानाच्या वर कापले, तर ही तिला 'थँक यू, छान झालेत' म्हणून आली आणि घरी येऊन तासभर बाथरूममध्ये रडली. शेजारच्या काकूंकडे नको असलेला तिसरा लाडूसुद्धा ती गुमान खाते.

"जहाजावर वीस-बावीस माणसं, सगळी हिच्यापेक्षा मोठी," सुनीता म्हणाली. "समोर काहीतरी चुकतंय हे हिला दिसलं, तर ही बोलेल? गप्प उभी राहील. आणि केस परत वाढतात हो, जहाजाचं तसं नसतं."

गार्गी यावर काहीच बोलली नाही. म्हणजे आईचाच मुद्दा पक्का झाला.

मी मध्यममार्गी माणूस. म्हटलं, रविवारी तिघं एकदा समुद्रावर तर जाऊन येऊ. मग ठरवू. माझ्या ऑफिसातल्या जयेशचे वडील, हिराजी नाखवा, वर्सोव्याचे. वय सत्तरीपुढे, पण अजून स्वतःची होडी चालवतात. त्यांची मुलगी मनोरीला दिलेली, तिच्याकडे ते जाणारच होते. आम्हाला मनोरीला जेवू घालून पुढे खाडीतून बोरिवलीच्या जेट्टीवर सोडतो म्हणाले.

आठवडाभर मी अभ्यास केला. जुन्या दर्यावर्द्यांची हकीकत वाचून मला स्वतःच्या काळाचा फार अभिमान वाटायला लागला. बिचारे लाकडाचा ओंडका दोरीला बांधून पाण्यात टाकायचे आणि दोरीच्या किती गाठी हातातून सरकतात ते मोजून जहाजाचा वेग काढायचे. वेळ मोजायला वाळूचं घड्याळ, ते उलटं करणारा पेंगला की सगळा हिशेब चुकला. आपल्या अरबी समुद्रातले लोक लाकडाची चौकट डोळ्यासमोर धरायचे, तिची गाठी मारलेली दोरी दातात धरायची, आणि ध्रुवतारा किती उंच आहे त्यावरून आपण उत्तरेला किती आलो ते ओळखायचे. पूर्व-पश्चिम किती आलो हे मात्र शेकडो वर्षं कुणालाच धड सांगता येत नव्हतं. एक गृहस्थ तर हिंदुस्थान शोधायला निघाले, भलत्याच खंडावर उतरले, आणि मरेपर्यंत 'हाच तो' म्हणत राहिले. असे दोघं आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहेत.

आणि मी? माझ्या खिशात फोन. आकाशातले उपग्रह मला चार पावलांच्या आत सांगतात की तू इथे आहेस. गार्गीने एकदा हळूच सांगितलं, "बाबा, तुझ्या फोनमधला नकाशा रस्त्यांचा आहे. जहाजावरचे वेगळे असतात, त्यात खोली असते." मी तिला म्हटलं, समुद्र म्हणजे समुद्र. ती गप्प बसली.

चूक झाली ती त्याच आठवड्यात, आणि ती सर्वस्वी माझी. मी नाखवांना फोन करून सांगितलं, रविवारी पावणेसातला निघू, उन्हाच्या आत.

"रविवारी तिथी काय?" त्यांनी विचारलं.

आता आमचं घर सुधारक विचारांचं. माझ्या आजोबांनी अमावास्येला मुद्दाम घर बदललं होतं. मी जरा ताठच झालो. "नाखवा, आम्ही तिथी-मुहूर्त वगैरे काही मानत नाही."

ते म्हणाले, "बरं. तुमी नाय मानत. पानी मानतंय का बघू. या पावणेसातला."

स्वयंपाकघरातून सुनीता ओरडली, "संकष्टी आहे हो रविवारी!" मी हात झटकला. फोन ठेवल्यावर मी तिला उपासाच्या निरर्थकतेवर पाच मिनिटं ऐकवलं. ती साबुदाणा भिजत घालत होती.

वर्सोवा

मुलुंड ते वर्सोवा वगळतो. फक्त एक सांगतो. पहाटे टॅक्सीत मी फोनवरच्या, रस्ता सांगणाऱ्या बाईचं ऐकायचा हट्ट धरला, आणि साकीनाक्याला तिने आम्हाला एका वेल्डिंगच्या वर्कशॉपच्या बंद शटरसमोर नेऊन 'आणखी दोनशे मीटर सरळ जा' म्हणून सांगितलं. टॅक्सीवाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. पुढचा रस्ता त्याने स्वतःच्या मनाने काढला.

धक्क्यावर वास असा की सुनीताने पदर नाकाला लावला आणि मग, कुणाला वाईट वाटेल म्हणून, घाम पुसल्यासारखं केलं. डिसेंबरच्या पहाटे. हिराजी नाखवा अंगाने बारीक, डोक्याला लाल टोपी, पायात काही नाही. होडीत त्यांनी आधीच एक फाटलेलं जाळं, सुई-दोरा आणि चहाचा मोठा थर्मास आणून ठेवला होता.

"जाळं कशाला?" मी विचारलं.

"येळ जायाला," ते म्हणाले.

तासाभराच्या प्रवासात जाळं विणायला वेळ कुठला मिळणार, असं मला वाटलं. मी तसं बोललोही. ते हसले आणि इंजिन सुरू केलं.

मढच्या बाहेर

खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर होडी वर-खाली व्हायला लागली. मुलीला समुद्र लागतो का ते बघायला निघालो होतो. मढचा किल्ला मागे पडायच्या आत मला लागला. तपशील सांगत नाही. एवढंच सांगतो की सुनीताने माझी कॉलर मागून धरली होती आणि गार्गी अत्यंत प्रेमाने आलेपाकाची वडी पुढे करत होती.

डोकं वर केलं तर समोर, पश्चिमेला, समुद्रावर चंद्र. सकाळचा, फिकट, एका बाजूने जरासा झिजलेला. मागे शहरावर सूर्य उगवत होता आणि पुढे हा अजून मावळला नव्हता.

"चंद्र दिसला. उपास सोडू का?" सुनीता म्हणाली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ती संकष्टीवर विनोद करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. समुद्राचं वारं माणसाला बदलतं ते असं.

पोट रिकामं झाल्यावर मला पुन्हा विद्या आठवली. मी फोन काढला. आम्ही निळ्या रंगात एक ठिपका होतो आणि फोनवरची बाई 'जवळच्या रस्त्यावर या' असं परत परत सांगत होती.

"आवाज बंद करा तिचा," सुनीता म्हणाली.

"तुमच्याकडे आहे का असलं काही?" मी नाखवांना विचारलं.

"हाय की." त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक छोटं यंत्र दाखवलं. "पोराने दिलाय जीपीएस. लय बेस. जालं कुठं टाकलं ते इसरत नाय. आधी काय करायचो, त्या डोंगराचा माथा आणि चर्चचा क्रूस एका रेषेत आला की समजायचं, इथं. आता टावर उठले, डोंगर गेला मागं. मग टावरच धरले. ते दोन उंच हायत ना, त्यांच्या मधे डोंगराची शेंडी दिसली की मनोरीचं तोंड आलं."

गार्गीने दोन टॉवरच्या मधे बघितलं, मग यंत्राकडे, मग परत टॉवरकडे. "दोन्ही जुळतंय," ती म्हणाली.

"जुळलं तरच पुढं जायाचं, बाय. नाय जुळलं तर कोण खोटं बोलतंय ते आधी शोधायचं."

मग तिने एकामागून एक प्रश्न विचारले. होकायंत्र कुठे ठेवता, इंजिनाजवळचं लोखंड त्याला ओढत नाही का, धुक्यात काय करता. मी तिला एवढे प्रश्न विचारताना शाळेच्या पालकसभेतसुद्धा ऐकलं नव्हतं. नाखवांनी तिला फळीखालून एक दोरी काढून दिली. टोकाला शिशाचा गोळा, आणि दर वावेला, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर जेवढं अंतर होतं तेवढ्यावर, एकेक रंगीत चिंधी बांधलेली. गोळ्याच्या बुडाशी खळगा होता. त्यांनी इंजिनातलं थोडं ग्रीस बोटाने त्यात भरलं.

"टाक. तळ लागला की चिंधी बघ. वर काढ, ग्रीसला काय चिकटलंय ते बघ."

"बाबा!" गार्गी आनंदाने ओरडली. "जुने लोक चरबी भरायचे तेच हे!"

मी मान डोलावली. मला ते माहीत होतं, पण त्या क्षणी तोंड उघडणं धोक्याचं होतं.

मनोरीच्या तोंडावर

आठ वाजायला आले होते. टॉवरच्या मधे डोंगराची शेंडी दिसली. नाखवांनी वेग कमी केला आणि गार्गीला पुढे उभं केलं.

"मोज. मोठ्यानं सांग. इंजिनात मला ऐकू येत नाय."

"तीन वाव," गार्गी म्हणाली, एवढ्या हळू की तिच्या शेजारच्या मलाच जेमतेम ऐकू आलं. "काळा चिखल."

"काय?"

"तीन!" मी ओरडून सांगितलं.

"तुमी नाय. ती."

सुनीता माझ्याकडे बघत होती. मला तिचं मन कळत होतं. ती मनात म्हणत होती: बघा.

मी फोन बघितला. समोर सरळ निळं, मनोरीच्या धक्क्यापर्यंत एकसारखं निळं. उजवीकडे वळण घ्यायचं काही कारण दिसत नव्हतं, पण नाखवा वळसा घेत होते. मला भूक लागली होती. उलटीनंतर लागते ती वेगळीच भूक असते. आणि नाखवांची मुलगी मनोरीला बोंबील तळून वाट बघत होती.

"नाखवा, सरळ घ्या ना," मी म्हटलं. "फोनवर स्वच्छ पाणी आहे. दहा मिनिटांत पोचू."

नाखवांनी माझ्याकडे पाहिलं. मग गार्गीकडे पाहिलं. आणि होडी सरळ घेतली. त्यांनी तसं का केलं, हे मी त्यांना नंतर विचारलं. ते म्हणाले, "होडी माझ्या हातात होती, साहेब. मी कवापन थांबवली असती. बघत होतो."

"दोन वाव," गार्गी म्हणाली. दोरी टाकली, काढली. "वाळू." परत टाकली. "दीड."

"चालू द्या, चालू द्या," मी हात हलवत म्हटलं. "सगळं निळं आहे."

"बाबा, शिंपल्यांचे तुकडे येतायत."

"असू दे गं. नकाशावर..."

"थांबवा!"

मी आयुष्यात पुष्कळ आवाज ऐकलेत. हा कुठून आला ते मला पहिल्यांदा कळलंच नाही. "थांबवा! एक वावसुद्धा नाहीये! बाबा, फोन खाली ठेव! खाली!"

इंजिन बंद. एकदम शांत. होडी थोडी पुढे सरकली, खालून मऊ खरवडल्यासारखा आवाज आला, आणि आम्ही वाळूवर अगदी अलगद बसलो, जसं म्हातारं माणूस आरामखुर्चीत बसतं.

गार्गीच्या हातातल्या दोरीतून पाणी ठिबकत होतं. तिने आपल्या बापाला आज्ञा केली होती, हे तिच्या आता लक्षात येत होतं बहुतेक. "सॉरी," ती म्हणाली.

"सॉरी कशाला!" नाखवा पहिल्यांदाच जोरात बोलले. "बरोबर बोललीस. सॉरी म्हनून वाटोलं करू नको त्याचं." मग त्यांनी चहाचा थर्मास उघडला आणि जाळं मांडीवर घेतलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"बसायचं. चतुर्थी हाय."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं, जे माझ्या घरातल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडरच्या रूपाने इतकी वर्षं टांगलेलं आहे. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थी, म्हणजे चार, त्याचे पाऊणपट तीन. तीन वाजता भरती पूर्ण. पहाटे तीन, दुपारी तीन. त्यात सहा मिळवले की नऊ. नऊला ओहोटीचा तळ. भरती-ओहोटी चंद्राच्या हातात, आणि चंद्र कुठे आहे ते तिथी सांगते. त्यांनी मला तिथी विचारली होती ती पाण्यासाठी. आणि मी त्यांना पुरोगामी विचार ऐकवले होते!

"मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी मानत नव्हता." दोऱ्याची गाठ त्यांनी दाताने तोडली. "आनि पोरीला शिकायचं होतं ना? पुस्तकात पानी खाली जात नाय."

सुनीता एवढी हसली की तिला ठसका लागला. मला तिचा थोडा राग आला आणि बरंही वाटलं.

साडेआठच्या सुमाराला समोर, पंचवीस-तीस हातांवर, पाण्यात एक काळा ठिपका दिसला. मग दुसरा. मग हळूहळू काळ्या दगडांची एक अख्खी रांग वर आली, शेवाळलेली, धारदार शिंपल्यांनी भरलेली. फोनवर माझी निळी वाट बरोब्बर तिच्यावरून जात होती. आम्ही चौघं ती रांग बघत होतो. मी फोन खिशात ठेवला.

"जहाजावरच्या नकाशात हे दगड असतात," गार्गी म्हणाली. "पाणी किती खाली जाईल तेही आधी कळतं. तरी नेव्हिगेटरने खिडकीबाहेर बघायचंच असतं. सूर्याची उंचीसुद्धा हाताने मोजायला शिकवतात अजून. उपग्रह बंद पडला तर म्हणून."

"आणि कॅप्टन म्हणाला की चालू द्या, चालू द्या?" सुनीताने विचारलं. विचारताना माझ्याकडे बघायचं तिने टाळलं, तेवढा तिचा मोठेपणा.

गार्गीने जरा विचार केला. "तर परत सांगायचं. मोठ्याने. नाही ऐकलं तर आणखी मोठ्याने."

"भीती नाही वाटणार?"

"वाटली ना आता. पण आई, चिंधी हातात दिसत होती गं. मला काही माझ्या मनाचं सांगायचं नव्हतं. एक वाव नव्हतं म्हणजे नव्हतं."

सुनीताने डबा उघडला आणि साबुदाण्याची खिचडी वाटायला घेतली. नाखवांनी त्यांच्या डब्यातले बोंबील पुढे केले. मी हात पुढे केला.

"चतुर्थी आहे," सुनीता म्हणाली.

"मी मानत नाही ना," मी म्हटलं.

"आजच्या दिवशी तुम्ही हे पुन्हा म्हणणार?"

मी खिचडी खाल्ली.

नऊला पाणी थांबलं. सव्वानऊला होडीच्या बाजूच्या उघड्या वाळूवर एक लहान खेकडा चालत होता तो थांबला आणि त्याच्या पायाशी पाणी आलं. एवढं हळू वर येणारं काहीतरी मी इतक्या लक्षपूर्वक कधी बघितलं नव्हतं. सुनीता उपासाच्या दिवशी चंद्राची वाट बघते तशी अगदी निवांत बसली होती. तिला सवय आहे. सव्वादहाला होडी एकदम हलकी झाली. खालून वाळूने हात सोडला तसं वाटलं. नाखवांनी जाळं गुंडाळलं, सुकाणू धरलं आणि होडी मागे घेऊन आधीच्या वळशाच्या वाटेला लावली. "मोज, बाय."

"दीड वाव!" गार्गी ओरडली. मनोरीच्या किनाऱ्यावरच्या बायकांनी वळून बघितलं.

बोरिवली

मनोरीला नाखवांच्या मुलीने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. मला तिथेही वरणभातच मिळाला, त्याबद्दल जास्त बोलत नाही. खाडीतून पुढे दोन्ही बाजूंना तिवरं, मधेच पांढरे बगळे, आणि मागे उंच इमारती. आपण आपल्याच शहराच्या मागच्या दाराने आत शिरतोय असं वाटत होतं. सव्वा वाजता बोरिवलीच्या जेट्टीवर उतरलो. हिराजी नाखवांना मी नमस्कार केला. मनापासून केला. ते गार्गीला म्हणाले, "फोन फेकू नको. फकस्त त्याला इचारत जा, तू कशावरून सांगतोस?"

जमिनीवर पाय ठेवला तरी जमीन हलत होती. पण तिची खोली मोजायची गरज नव्हती. मी रिक्षात इतक्या आनंदाने कधीच बसलेलो नाही.

आम्ही तिघं मागच्या सीटवर. कडेला मी, मधे गार्गी, पलीकडे सुनीता. सह्यांबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. गार्गी गुडघ्यांवर हात ठेवून समोर बघत होती. विचारावं की नाही, या विचारात असावी. मी विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुनीताने पर्समधून फोन काढला आणि घाटकोपरला राहणाऱ्या तिच्या बहिणीला लावला.

"अगं, पोचलो. हो, सगळे. ह्यांना लागला समुद्र, दुसऱ्या कुणाला! ऐक ना, तो तुझ्या जावेचा भाऊ जहाजावर आहे ना? त्याला विचार, थंडीचे कपडे इथून घ्यायचे की ते लोक देतात? हो. हो, जाणार आहे. केली की सही, म्हणजे घरी गेल्यावर करणारच आहे. नाही गं, तिला अजून नाही सांगितलं. इथेच आहे, शेजारी बसलीय."